चिखलाचे डोंगर कसे वाढतात, केव्हा फुटतात

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं विदर्भातल्या पूर्णाकाठच्या एका गावातल्या वाचनालयात झालेलं व्याख्यान. श्रोत्यांचे प्रश्न जिथे आले तिथेच ठेवले आहेत.)

मंडळी, गेल्या ऑक्टोबरमध्ये अंदमानातल्या बाराटांग बेटावर चिखलाचा ज्वालामुखी उसळल्याची बातमी आली आणि मला या भागातून फोन येऊ लागले. बहुतेकांना दोनच गोष्टी हव्या होत्या. तिथे लाव्हा आला का, आणि आपल्या पूर्णेच्या गाळात असं काही फुटू शकतं का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. पण तेवढं सांगून मी खाली बसलो तर विषयावर अन्याय होईल. हा चिखल ज्या खनिजानं बनतो ते खनिज तुमच्या शेतात आहे. आणि चिखलाच्या ज्वालामुखीनं केलेला आपल्या काळातला सगळ्यात मोठा घात ज्या गोष्टीशी जोडला गेला ती गोष्ट, म्हणजे बोअर, इथल्या बहुतेकांनी कधी ना कधी मारलेली आहे.

आधी लाव्हाचं संपवू. लाव्हा म्हणजे वितळलेला खडक. आपल्या गाळाच्या खाली जो काळा पाषाण लागतो तो लाव्हाच आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहून आलेला आणि थरावर थर बसून थिजलेला. चिखलाच्या ज्वालामुखीत खडक वितळत नाही. त्यातून चिखल येतो, खारं पाणी येतं आणि वायू येतो. वायूत बहुतांश मिथेन असतो. बऱ्याच ठिकाणी हा चिखल हाताला गार लागतो. अंदमानात खरा, लाव्हा ओकणारा ज्वालामुखीही आहे, बॅरन बेटावर. बाराटांगचा त्याच्याशी संबंध एवढाच की दोघंही भूकवचाच्या एकाच टकरीतून जन्मले. तिथे भारताची भूपट्टी शेजारच्या पट्टीखाली घुसते आहे. खोलवर त्याचा परिणाम म्हणून खडक वितळतो आणि बॅरन बेट बनतं. वर, समुद्रतळाचा जो गाळ खरवडून चुणीसारखा गोळा होतो, त्यातून बाराटांग बनतो. आणि वर्तमानपत्रांत 'भारतातला एकमेव' असं छापून आलं तेही बरोबर नाही. अंदमानातच डिगलीपूरच्या बाजूला अशा आणखी जागा आहेत.

आता हा चिखल वर का येतो ते पाहू. इथे थोडं थांबून ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

नद्या समुद्रात गाळ आणून टाकतात. तो गाळ वाळूचा असेल तर वरचं ओझं वाढत जाईल तसं कणांमधलं पाणी पिळून निघून जातं. चिकणमातीचं तसं होत नाही. तिचे कण इतके बारीक आणि चपटे असतात की पाण्याला निघायला वाटच फार अरुंद. गाळ सावकाश पडत राहिला तर हजारो-लाखो वर्षांत ते पाणी हळूहळू निघून जातं आणि खाली घट्ट खडक तयार होतो. पण गाळ झपाट्यानं पडला तर खालचं पाणी निघायच्या आधीच वर आणखी शेकडो मीटर माती येऊन बसते. मग ते ओझं मातीचे कण पेलत नाहीत, आत कोंडलेलं पाणीच पेलू लागतं. उघड्या विहिरीत दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. कोंडलेल्या पाण्याचा दाब त्याच्या दुपटीपर्यंत, क्वचित त्याहूनही थोडा पुढे जाऊ शकतो, कारण वरच्या खडकाचं वजनही त्याच्याच डोक्यावर आलेलं असतं. दक्षिण कॅस्पियन समुद्राच्या तळाशी हेच झालं. तिथे गाळाची जाडी काही ठिकाणी वीस किलोमीटरहून जास्त आहे. म्हणूनच अझरबैजान या एका लहानशा देशात चिखलाचे साडेतीनशेच्या आसपास ज्वालामुखी आहेत. जगात इतके, एकमेकांच्या इतक्या जवळ, दुसरीकडे कुठेही नाहीत.

दाब वाढवणारं दुसरं कारण आपल्या ओळखीचं आहे. आपली काळी माती चैत्र-वैशाखात फाटते, भेगेत हात जातो, आणि मृगाचा पाऊस पडला की तीच माती फुगून भेगा बुजतात. हे करणारं खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट, स्मेक्टाइट गटातलं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात आणि पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरून बसतं. हेच खनिज समुद्राच्या गाळाबरोबर दोन-चार किलोमीटर खोल पुरलं गेलं, तापमान साठ-सत्तर अंशांच्या वर चढू लागलं, की पापुद्र्यांत बसलेलं पाणी सुटतं आणि खनिजाचं रूप बदलून इलाइट होतं. सुटलेल्या पाण्याला जायला जागा नसतेच. आधीच कोंडलेल्या पाण्यात त्याची भर पडते.

तिसरी भर वायूची. गाळाबरोबर शेवाळ, झाडपाला, जीवजंतूंचे अवशेष पुरले जातात. जंतूंच्या कामामुळे आणि खोलवरच्या उष्णतेनं त्यांचा मिथेन होतो. दाबाखाली तो पाण्यात विरघळून राहतो. आणि चौथं कारण म्हणजे दोन्ही बाजूंनी होणारी दाबणी. भूपट्ट्या जिथे एकमेकींवर रेलतात तिथे हा मऊ, पाणी भरलेला थर चहूबाजूंनी आवळला जातो. तो वरच्या खडकापेक्षा हलकाही असतो. त्याला वर जायचंच असतं, फक्त फट हवी. ती एखाद्या जुन्या भ्रंशाची, म्हणजे खडक तुटून सरकला त्या जागेची असेल, थरांना पडलेल्या घडीच्या माथ्यावर पडलेली असेल, भूकंपानं उघडलेली असेल. चिखल वर सरकू लागला की वरचं ओझं कमी होतं, विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपानं सुटतो, बुडबुडे वर येताना फुगतात, मिश्रण आणखी हलकं होतं, आणखी वेगानं वर येतं. एकदा सुरू झालेली ही चाल स्वतःच स्वतःला ढकलत राहते.

('सर, मंग डोंगर कसा बनते?' असा प्रश्न मागच्या रांगेतून आला.)

चांगलं विचारलंत. डोंगर बनतो की डबकं, ते चिखलाच्या घट्टपणावर ठरतं. धिरड्याचं पातळ पीठ तव्यावर टाकताच पसरतं, भज्याचं घट्ट पीठ टाकाल तिथे ढिगासारखं बसून राहतं. पातळ चिखल असेल तर बुडबुडणारं डबकं होतं, किंवा मैलभर पसरलेला चपटा उंचवटा. घट्ट असेल तर तोंडाभोवती सुळका उभा राहतो, कमरेएवढा, पुरुषभर, कधी दोन पुरुष उंचीचा. मोठ्या ज्वालामुखीच्या माथ्यावर असे कितीतरी लहान सुळके आणि डबकी एकत्र दिसतात. प्रत्येक उद्रेकात चिखलाची एक जीभ उतारावरून वाहते, वाळते, तडकते. पुढच्या उद्रेकात तिच्यावर दुसरी. हजारो वर्षं असं होत राहिलं की शेकडो मीटर उंच आणि काही किलोमीटर घेराचा डोंगर होतो. पावसात त्याच्या अंगावर घळी पडतात. आणि पोटातला माल बाहेर आल्यामुळे मधला भाग खचतो, माथ्यावर परातीसारखा खोलगट भाग तयार होतो. म्हणजे वाढ आणि खचणं बरोबरच चालतं. हे विसरू नका, पुढे जावामधल्या गोष्टीत हेच आहे.

या चिखलात नुसती माती नसते. वर येताना तो वाटेतल्या थरांचे तुकडे उपटून आणतो. मुठीएवढे दगड, कधी बैलगाडीएवढे खडक. भूशास्त्राच्या माणसाला याचं मोल फार आहे. तीन-चार किलोमीटर खोलीवरचा दगड पाहायला एरवी कोट्यवधी रुपयांचं छिद्र पाडावं लागतं. इथे तो आयताच पायाशी येऊन पडतो. अझरबैजानात तेल शोधणाऱ्यांनी या दगडांवरून खाली काय आहे याचा अंदाज बांधला.

आता मकरान किनाऱ्याची गोष्ट, कारण ती आपल्यातल्या काही घरांपर्यंत पोचते. आपल्याकडच्या भावसार मंडळींची कुलदेवता हिंगलाज. तिचं मूळ स्थान बलुचिस्तानात, हिंगोल नदीच्या खोऱ्यात. तिथे जाणारे यात्रेकरू आधी चंद्रगुप नावाच्या डोंगरावर चढतात आणि माथ्यावरच्या कुंडात नारळ वाहतात. तो डोंगर, सुमारे शंभर मीटर उंचीचा, चिखलाचा ज्वालामुखी आहे. कुंडात राखाडी चिखल बुडबुडत असतो. यात्रेकरूंनी शतकानुशतकं ज्या जागेपुढे हात जोडले ती जागा भूशास्त्राच्या दृष्टीनंही असामान्यच आहे. या दोन्हींत मला काही भांडण दिसत नाही. याच किनाऱ्यावर २८ नोव्हेंबर १९४५ ला ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हा समुद्रात चिखलाची नवी बेटं वर आली आणि त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या. पुढे २४ सप्टेंबर २०१३ ला बलुचिस्तानात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ग्वादरजवळ तासाभरातच समुद्रातून एक बेट वर आलं. भूकंपाचं केंद्र तिथून कित्येकशे किलोमीटर लांब होतं. लोक होड्या घेऊन पाहायला गेले. कडेनं बुडबुडे येत होते, आणि काडी लावली तर ते पेट घेत होते. पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत लाटांनी ते बेट धुऊन नेलं.

इथून धोक्याकडे वळतो.

पहिला धोका शांततेत असतो. मी ज्या दुर्घटनांबद्दल वाचलं त्यांतल्या बहुतेकांत मला हीच गोष्ट दिसते. रोज थोडं थोडं बुडबुडणाऱ्या तोंडातून दाब निघत राहतो. पण तोंडातला चिखल वाळून घट्ट बुचण बसलं, की वरून सगळं शांत दिसतं आणि खाली वायू साठत राहतो. लोक जवळ घरं बांधतात, गुरं चारतात, सहलीला जातात. मग एके दिवशी बुचण उडतं, पाच-दहा मिनिटांत खेळ संपतो. इटलीत सिसिली बेटावर अरागोना गावाजवळ अशी एक जागा आहे, निसर्ग-राखीव क्षेत्र म्हणून लोकांसाठी खुली होती. २७ सप्टेंबर २०१४ ला तिथला चिखल अचानक उसळला आणि वडिलांबरोबर फिरायला आलेली दोन लहान भावंडं त्याखाली गाडली गेली. तिथल्या सुळक्यांची उंची पाहून कुणालाही वाटलं नसतं की याचा जीवाला धोका आहे. त्रिनिदादमध्ये पिपारो गावात २२ फेब्रुवारी १९९७ ला असंच झालं. गाव ज्वालामुखीला लागूनच वाढलं होतं. चिखल रस्त्यावर आला, घरांत शिरला, कुटुंबांना घरदार सोडून जावं लागलं.

दुसरा धोका आगीचा. हवेत मिथेनचं प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान आलं की एक ठिणगी पुरते. वर येणारे दगड एकमेकांवर आपटून ठिणगी पडते, असं मानलं जातं. अझरबैजानची राजधानी बाकू, तिच्याजवळच्या लोकबातान या चिखलाच्या ज्वालामुखीवर ऑक्टोबर २००१ मध्ये ज्वाळा कित्येक मजले उंच गेल्या. ४ जुलै २०२१ च्या रात्री कॅस्पियनमधल्या दाश्ली नावाच्या ओसाड बेटावर स्फोट झाला. आगीचा तो खांब दूर बाकू शहरातून दिसत होता. जवळच समुद्रात वायूचं क्षेत्र होतं. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं तिथेच अपघात झाला, पण ते सुखरूप होतं.

बाकीचे धोके थोडक्यात सांगतो. समुद्रतळावरच्या अशा ज्वालामुखींमुळे तेलाच्या फलाटांचे पाय आणि नळवाहिन्या धोक्यात येतात. चिखलाबरोबर येणारं पाणी खारं असतं, त्यात बोरॉनही असतं, आणि ते शेतात पसरलं तर पिकाचं काय होतं हे खारपाणपट्ट्यातल्या माणसाला मी सांगायला नको. मिथेन हवेत मिसळून उष्णता धरून ठेवतो, तेही आहेच.

पण मला ज्यासाठी हा विषय घ्यावासा वाटला ती गोष्ट जावा बेटाची आहे.

इंडोनेशियात पूर्व जावामध्ये सिदोआर्जो नावाचा जिल्हा आहे. भातशेती, दाट वस्ती, कारखाने, रेल्वे, महामार्ग. २००६ साली तिथे वायूच्या शोधासाठी एक खोल छिद्र पाडलं जात होतं. २७ मे रोजी सकाळी योग्यकर्ताजवळ ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, छिद्रापासून साधारण अडीचशे किलोमीटरवर. त्या दिवशी छिद्र २,८३४ मीटर खोलीपर्यंत पोचलं होतं. २८ मे रोजी हत्यारं वर काढत असताना खालून पाणी आणि वायू जोरानं छिद्रात घुसले. २९ मे रोजी पहाटे, छिद्रापासून दोनशे मीटरच्या आत, भाताच्या शेतातून वाफ, पाणी आणि चिखल वर येऊ लागला. हा चिखल मात्र गार नव्हता, उकळत्या पाण्याएवढा तापलेला होता, कारण जवळच खऱ्या ज्वालामुखींची रांग आहे आणि तिची उष्णता जमिनीखालून इथवर येते.

तो थांबलाच नाही. पहिल्या काही महिन्यांत दिवसाला एक लाख ऐंशी हजार घनमीटरपर्यंत चिखल येत होता. मी हिशेब केला: रोज जवळजवळ दीडशे एकरांवर एक फूट. शेतं गेली, घरं गेली, शाळा, मशिदी, कारखाने गेले. सुमारे सात चौरस किलोमीटर मुलूख चिखलाखाली गेला. चाळीस हजारांच्या आसपास माणसं विस्थापित झाली. त्याला आवर घालायला मातीचे बांध घातले, ते वर्षागणिक उंच करत न्यावे लागले. २००७ मध्ये साखळीत ओवलेले काँक्रीटचे गोळे शेकड्यांनी तोंडात सोडून पाहिले. चिखल त्यांना जुमानला नाही. आणि मी मघा म्हणालो ते खचणं: इतका माल पोटातून बाहेर आल्यावर, वरून बांधांचं आणि चिखलाचं ओझं पडल्यावर, आजूबाजूची जमीन खाली बसू लागली. त्या खचण्यानं जमिनीखालची वायूची नळी फुटली. २२ नोव्हेंबर २००६ ला झालेल्या त्या स्फोटात तेरा माणसं गेली.

('भूकंपानं झालं का बोअरनं?' बोअरच्या गाडीवर काम केलेल्या एका भाऊंनी विचारलं.)

यावर वर्षानुवर्षं वाद झाला. २००८ साली केप टाउनला तेल-भूशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तिथे चर्चेनंतर हात वर करून मत घेतलं गेलं. ४२ जण म्हणाले छिद्रामुळे, ३ जण म्हणाले भूकंपामुळे, १३ म्हणाले दोन्हींमुळे आणि १६ म्हणाले पुरावा पुरेसा नाही. निसर्गाचं कारण हात वर करून ठरत नाही, त्यामुळे मी त्या मतदानाला फार वजन देत नाही. पुरावा काय आहे ते पाहू. त्या भागात त्याआधी याहून मोठे आणि याहून जवळचे भूकंप झाले होते, तेव्हा काही फुटलं नव्हतं. २०१३ साली एका गटानं मांडलं की खालच्या थरांच्या आकारामुळे भूकंपाच्या लहरी तिथे एकवटल्या. त्यांच्या गणितात वापरलेल्या माहितीत पुढे चूक निघाली आणि दुरुस्ती छापावी लागली. २०१५ साली दुसऱ्या गटानं छिद्रातून निघणाऱ्या वायूच्या त्या दिवसांतल्या नोंदी तपासल्या. भूकंपानं खालची माती पातळ झाली असती तर तिच्यातला वायू सुटून नोंदीत दिसला असता. तो दिसत नाही. माझं मत या पुराव्याच्या बाजूनं आहे. भूकंपाकडे बोट दाखवणारे अभ्यासक आजही आहेत, हेही सांगायला हवं.

भाऊ, तुम्हाला त्या छिद्राची एक गोष्ट लगेच समजेल. आपण बोअर मारतो तेव्हा वरच्या मऊ मातीत केसिंग घालतो, खडक लागेपर्यंत. का घालतो? बाजू ढासळू नये म्हणून आणि वरचं वाईट पाणी आत येऊ नये म्हणून. खोल छिद्रात केसिंगचं आणखी एक काम असतं. खालून जास्त दाबाचं पाणी आलं तर ते छिद्रातल्या छिद्रात राहावं, बाजूचा कमजोर खडक फोडून बाहेर पडू नये. त्या छिद्रात पोलादी केसिंग साधारण १,०९१ मीटरपर्यंतच होतं. त्याखालचं जवळजवळ १,७०० मीटर छिद्र उघडं होतं. खालून दाब आल्यावर वरची तोंडं बंद केली गेली. मग त्या दाबाला जायला एकच वाट उरली: केसिंगच्या खालचा उघडा खडक. छिद्रालाच दोष देणारे अभ्यासक म्हणतात की तो खडक फाटला, फट वरपर्यंत गेली, आणि वाटेतला कोंडलेल्या पाण्याचा मातीचा थर त्या वाटेनं वर येऊ लागला.

आपल्याकडच्या शे-दोनशे मीटरच्या बोअरमध्ये असं होणार नाही. आपल्या इथे तेवढा दाबच नाही. पण केसिंगमध्ये काटकसर करायची सवय बोअरवाल्यांत आणि बोअर मारणाऱ्यांतही आहे, ती मी डोळ्यांनी पाहतो. खारपाणपट्ट्यात अर्धवट केसिंग घातलं की वरचं खारं पाणी खालच्या बऱ्या पाण्यात उतरतं आणि शेजाऱ्याच्या बोअरचंही पाणी बिघडतं. शेजारी तुमच्याशी भांडतो, तेव्हा त्याचं खरं असतं.

('त्या गावातल्या लोकायचं काय झालं?' एका आजींनी विचारलं.)

आजी, त्यांचे हाल झाले. काही जण नातलगांकडे गेले, काही जण भाड्याच्या खोल्यांत. भरपाई हप्त्याहप्त्यानं मिळत गेली आणि अनेकांची ती कित्येक वर्षं लांबली. काही गावकरी बांधावर येणाऱ्यांना मोटरसायकलवरून चिखल दाखवून आणायचे, त्यावर दिवस काढायचे. धरणात, खाणीत गेलेल्या गावांची माणसं आपल्या विदर्भात आहेत. त्यांना यातलं काही परकं वाटणार नाही. चिखलाचा जोर पुढे बराच ओसरला, पण तो येणं वर्षानुवर्षं चालूच राहिलं.

आता आपला प्रश्न. पूर्णेच्या खोऱ्यात गाळ आहे, काही ठिकाणी तीनशे मीटरहून जाड. खारं पाणी आहे. माती तीच, स्मेक्टाइटची. मग इथे चिखल का उसळत नाही? कारण बाकीच्या गोष्टी नाहीत. स्मेक्टाइटचं पाणी सुटायला काही किलोमीटर खोली लागते. आपल्या गाळाखाली लवकरच पाषाण लागतो. मिथेन बनवणारा जाड सागरी थर त्यात नाही. आपण भूपट्टीच्या मधल्या भागात राहतो, टकरीच्या काठावर नाही. उत्तरेला गाविलगडच्या पायथ्याशी मोठा भ्रंश आहे हे खरं, पण त्यातून वर यायला खाली दाबलेला चिखल तर हवा. तेव्हा एखाद्या बोअरमधून गढूळ पाण्याचा फवारा आला आणि कुणी मोबाइलवर 'ज्वालामुखी' म्हणून पाठवला तर घाबरू नका. बोअर मारताना हवा दाबून सोडतात, ती शेजारच्या भेगेतून निघते, तेव्हा असं दिसतं.

लोणारचं विवर हाही ज्वालामुखी नाही ना, असं एका मुलीनं चिठ्ठीत विचारलं आहे. बरोबर आहे बेटा. पूर्वी काही अभ्यासकांना तसं वाटायचं. पण ते अशनीच्या आघातानं झालं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, थेट पाषाणात.

जमिनीखालच्या वायूचा आणि खचण्याचा धोका मात्र विदर्भाला आहे, वेगळ्या रूपात. वणी, घुग्घुस, बल्लारपूरच्या कोळशात मिथेन असतो आणि भूमिगत खाणीत त्याच पाच ते पंधरा टक्क्यांचं भय असतं. घुग्घुसला २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक राहतं घर अख्खंच्या अख्खं जमिनीत गेलं, कारण खाली जुनी खाण होती. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. जुन्या खाणींचे नकाशे ग्रामपंचायतीत लावलेले असायला हवेत, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

आणि विहिरी. उन्हाळ्यात जुन्या विहिरीतला गाळ काढायला उतरलेली माणसं गुदमरून जातात, मग त्यांना काढायला उतरलेला भाऊही जातो. तिथे बहुतेक वेळा मिथेन नसतो, कार्बन डायऑक्साइड असतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो, वास येत नाही. किंवा आत डिझेलचा पंप चालवलेला असतो आणि त्याचा धूर साचतो. कंदील सोडून पाहायची आपली जुनी रीत आहे. ज्योत विझली तर उतरू नका, हे त्यातलं खरं. पण ज्योत जळत राहिली म्हणजे हवा चांगलीच आहे असं होत नाही, आणि गाळ कुजून मिथेन सुटत असेल तर ज्योतच घात करेल. त्यापेक्षा पंखा किंवा हवेचा पंप लावून बराच वेळ ताजी हवा आत सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा, दोन माणसं वर उभी ठेवा. आतला माणूस पडला तर दुसऱ्यानं खाली उडी घ्यायची नाही. दोरानं ओढायचं.

(शेवटचा प्रश्न सहलीला निघालेल्या एका दाम्पत्याचा होता: बाराटांगला जावं की नाही?)

जरूर जा, त्या वेळी वनखात्यानं वाट खुली ठेवली असेल तर. डिसेंबर २००४ च्या मोठ्या भूकंपानंतर तो जोरात उसळला होता, गेल्या ऑक्टोबरात पुन्हा. त्यामुळे अलीकडे भूकंप झाला असेल किंवा नेहमीपेक्षा जास्त आवाज, नव्या भेगा, बुडबुड्यांत अचानक फरक दिसत असेल तर लांबूनच परत फिरा. एरवी कठड्याच्या आत पाय टाकू नका. वाळलेल्या चिखलावर आपल्या शेतासारख्याच भेगा दिसतील आणि वाटेल की जमीन कडक आहे, पण त्या पापुद्र्याखाली चिखल पातळ असू शकतो, माणूस कमरेपर्यंत रुतू शकतो. बुडबुड्यापाशी विडी-सिगारेट, आगपेटी काढायची नाही, कुणी गंमत दाखवतो म्हणाला तरी नाही. लहान मुलाचा हात धरून ठेवा. आणि ताई, येताना चिमूटभर वाळलेला चिखल आणायचा मोह झाला तर आधी तिथल्या वनरक्षकाला विचारा. परवानगी मिळाली तर माझ्यासाठीही आणा, इथल्या मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली आपली काळी माती आणि तो चिखल शेजारी ठेवून दाखवता येईल.